साईड द्यायची नाही

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडण नको. मी रेस घेत नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांना वाटतं की मी मोटारसायकलच्या शर्यती लावतो, आणि उरलेल्या अर्ध्यांना वाटतं की म्हातारपणी माझं डोकं फिरलंय. दुसऱ्या अर्ध्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण रेस मी घेत नाही. माझी मावशी दर हिवाळ्यात विचारते, "मग रविवारी पहिला कोण आला?" कोणीच आलं नाही गं बाई. तिथं पहिलं यायचंच नसतं.

शहराबाहेर, शिवपुरीच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याचा जुना ट्रॅक आहे. कधीकाळी तिथं गाड्यांची चाचणी व्हायची. कारखान्याला कुलूप लागलं, डांबराच्या भेगांतून बाभळी उगवल्या. आमच्या मालकांनी तो भाड्यानं घेतला, बाभळी उपटल्या, वळणांच्या बाहेर जुन्या टायरांच्या भिंती रचल्या आणि मला बोलावलं. हिवाळ्यातल्या रविवारी दिल्ली, आग्रा, झाशीहून आणि आता तर आपल्या नया बाज़ार, दर्पण कॉलनीतूनही लोक आपापल्या मोटारसायकली घेऊन येतात आणि दिवसभर त्या रस्त्यावर फेऱ्या मारतात. समोरून ट्रक नाही, मध्ये गाय नाही, कोणाची वरात नाही. घड्याळ नाही, बक्षीस नाही. आपली गाडी आपल्याला कितपत येते ते बघायचं आणि संध्याकाळी धडधाकट घरी जायचं. याला ट्रॅक डे म्हणतात. उन्हाळ्यात सगळं बंद, कारण मे महिन्यात तिथलं डांबर बुटाला चिकटून येतं.

माझं काम म्हणजे कोणाला कुठल्या ग्रुपात घालायचं ते ठरवणं. त्याआधी मी नया बाज़ारात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत होतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. तरुणपणी शर्यतीत गाडी पळवायचा शौकही केला. एक गुडघा त्यातच गेला, तो अजून थंडीत बोलतो.

तर ग्रुप तीन. हळू, मधला आणि वेगवान. ज्याचा जो ग्रुप, त्या रंगाची चिकटपट्टी हेल्मेटवर. एका वेळी एकच ग्रुप ट्रॅकवर, बाकीचे सावलीत बसून चहा पितात. वाचायला सोपं वाटतं ना? अहो, इथंच सगळी महाभारतं होतात. हळू ग्रुपात जायला कोणीच तयार नसतं. लग्नाच्या पंगतीत मानाचं पान मागावं तसे लोक वेगवान ग्रुप मागतात.

मी कोणाला विचारत नाही की बाबा रे, तू जास्तीत जास्त किती पळवलीस. सरळ रस्त्यावर मूठ पिळायला काय लागतं? मी आधी टायर बघतो. सरळ रस्त्यावरच्या शूराचं टायर मध्ये झिजून सपाट झालेलं असतं आणि कडा अशा कोऱ्या, की रबराचे केसही गेलेले नसतात. म्हणजे हे महाशय वळणावर कधी झुकलेच नाहीत. मग मी एक प्रश्न विचारतो. "तुला कोणी अगदी जवळून ओव्हरटेक केलं, तर काय वाटतं?" भीती वाटते म्हणणारा चालतो. भीती शहाणी असते. "राग येतो" म्हणणारा हळू ग्रुपात. आणि "मला कोण ओव्हरटेक करणार?" असं म्हणणारा हळू ग्रुपात, शिवाय आमच्या इन्स्ट्रक्टरच्या मागच्या चाकाला बांधून.

एक गृहस्थ आले होते, सरदार घराण्यातले. नाव सांगत नाही, ग्वाल्हेर लहान आहे. गाडी अशी की बघूनच डोळे दिपावे. म्हणाले, "मास्तर, आमच्या पणजोबांना दरबारात पहिल्या रांगेत जागा होती. मी हळू ग्रुपात बसू?" मी म्हटलं, "साहेब, दरबारात बसायचं होतं, इथं वळायचं आहे." रागावले, पण बसले. दुसऱ्याच वळणाला सरळ गवतात गेले, आणि परत आले तेव्हा हेल्मेटमधून कुसळं निघत होती. मी हसलो नाही. खोटं कशाला बोलू, वळून हसलो. आता दर संक्रांतीला त्यांच्याकडून तिळाची गजक येते, आणि ते अजून हळू ग्रुपातच आहेत, पण आनंदात.

उलट एक डॉक्टरीणबाई. दर्पण कॉलनीत दवाखाना. पहिल्याच दिवशी स्वतःहून हळू ग्रुप मागितला. अशी सुरेख चालवायच्या की मधल्या ग्रुपातल्या पोरांनी धडे घ्यावेत. मी म्हटलं, "बाई, आता वर चला." म्हणाल्या, "मास्तर, दिवसभर माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घाईत असतो. इथं तरी मला कोणी घाई करू नका." मी पुन्हा कधी विचारलं नाही. वर जायला माणूस लायक असला म्हणून गेलाच पाहिजे असं कुठे आहे?

आता नियमांचं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवून मी बोलतो. पोरं त्याला 'मास्तर की पाठशाला' म्हणतात. ट्रॅकवर थांबायचं नाही. काही बिघडलं तर हात वर करून कडेनं बाहेर यायचं. झेंडा दिसला की तो कशाचा हे आठवत बसायचं नाही, आठवत असलंच पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचं, ओव्हरटेक करण्याची जबाबदारी मागच्यावर. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. आरसे तर आम्ही काढूनच ठेवायला लावतो. म्हणून पुढच्यानं काय करायचं? काहीही नाही. आपली रेष धरून जात राहायचं. मागे बघायचं नाही, हात दाखवायचा नाही, सरकायचं नाही. मागच्यानं ठरवलेलं असतं की मी याच्या या बाजूनं जाणार. तुम्ही सौजन्य म्हणून सरकलात, तर नेमके त्याच्या वाटेत जाता. रस्त्यावर साईड देणं हा चांगुलपणा आहे. ट्रॅकवर साईड द्यायची नाही.

हे वाक्य मी आजवर किती वेळा बोललोय देव जाणे. शंकररावांसमोरही बोललो होतो.

शंकरराव जाधव हे हजीरा वस्तीत राहणारे. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आलेले, आणि हे बसवर ड्रायव्हर. सगळी उमर ग्वाल्हेर ते झाशी. डबरा आणि दतियाच्या मधल्या ट्रकवाल्यांत त्यांचं नाव होतं, ते त्यांच्या साईड देण्यामुळे. बाकीचे बसवाले रस्त्याच्या मधोमध छाती काढून चालतात. शंकरराव मागून हॉर्न वाजायच्याही आधी डावीकडे दबायचे आणि खिडकीतून हात काढून 'जा बाबा' म्हणायचे. मी एकदा त्यांच्या बसनं झाशीला गेलो होतो, तेव्हा विचारलं, "शंकरराव, तुम्ही सगळ्यांनाच जाऊ देता?" म्हणाले, "मास्तर, घाईत असलेल्याला जाऊ द्यावं. त्याच्या घरी कोण आजारी आहे, आपल्याला काय ठाऊक?"

त्यांचा मुलगा नितीन. आई तो कॉलेजात असतानाच गेली, घरात दोघंच. नितीन मोबाइल कंपनीच्या ऑफिसात होता आणि आमच्याकडे मधल्या ग्रुपात नियमानं यायचा. नीट चालवणारा, शांत. शंकरराव निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं की बाबांना एकदा ट्रॅकवर आणायचं. "काका, बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना घेऊन गाडी चालवली. एक दिवस त्यांच्या मजे के लिए नको का?" मी म्हटलं, आण की.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. शंकरराव आपली रोजची मोटारसायकल घेऊन आले. नितीननं त्यांच्यासाठी कोणाचा तरी चामड्याचा पोशाख मागून आणला होता, तो पोटावर दाटत होता. पोरं त्यांच्या पाया पडत होती, "अंकलजी, फोटो." आरसे काढायला सांगितले तेव्हा मात्र ते अडले. "मग मागचं कसं दिसणार हो?"

"दिसायला नकोच आहे, शंकरराव."

"बरं," ते म्हणाले. "न दिसलं तरी ड्रायव्हरला ऐकू येतंच."

मी हसलो. मग पाठशाला झाली. साईड द्यायची नाही हेही झालं. शंकरराव पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. पण मान हलवणं वेगळं आणि हात हलणं वेगळं. हात त्यांचे झाशीच्या रस्त्यावर घडलेले होते.

सकाळी ते हळू ग्रुपात इन्स्ट्रक्टरच्या मागे झकास चालले. दुपारी जेवणानंतर नितीन माझ्याकडे आला. "काका, एक सेशन बाबांच्या ग्रुपात जाऊ? उन के साथ एक राउंड मारतो."

वरच्या ग्रुपात जायचं असेल तर मी दहा प्रश्न विचारतो. खाली यायला कोणालाच ना नसायची. सगळ्या ट्रॅकवर तशीच रीत, कारण खाली येण्यात धोका कसला, असं सगळेच धरून चालतात. मी त्याच्या हेल्मेटवर वडिलांच्या रंगाची पट्टी लावली. आता आमच्याकडे खाली येणाऱ्यालाही तेवढेच प्रश्न विचारले जातात, आणि आपल्या माणसाबरोबर फिरायचं असेल तर दोघांच्या मध्ये इन्स्ट्रक्टर असतो. हा नियम कुठून आला ते नवीन पोरांना माहीत नाही.

मी लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, मार्शलच्या जागेवर उभा होतो. मार्शल म्हणजे झेंडेवाला. पट्टा संपला की उजवं वळण आहे, आणि उजव्या वळणात डाव्या कडेनं शिरावं लागतं. शंकरराव पट्ट्यावर उजवीकडून येत होते. नितीन मागून आला. हळू ग्रुपात फक्त सरळ पट्ट्यावरच पुढे जायची परवानगी, म्हणून त्यानं तीच जागा निवडली. डावीकडे भरपूर रस्ता मोकळा. वळणाला तिकडूनच शिरायचं. त्यानं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं.

आणि शंकररावांना तो ऐकू आला. स्वतःच्या पोराच्या गाडीचा आवाज बापाला कळणार नाही तर कोणाला? त्यांनी तेच केलं, जे सगळ्या उमरभर केलं होतं. डावीकडे दबले, आणि हात काढून 'जा बेटा' म्हणाले.

नितीननं ब्रेक मारला. बापाच्या मागच्या चाकाला त्याची गाडी लागली नाही, एवढं त्यानं साधलं. पण पुढचं चाक जाम झालं, गाडी एकीकडे गेली, तो एकीकडे. पाठीनं टायरांच्या भिंतीवर आदळला. शंकरराव वळण घेऊन पुढे निघूनही गेले. आरसा नव्हता.

मी गुडघ्याची पर्वा न करता धावलो. नितीन शुद्धीवर होता. म्हणाला, "काका, पाय सरळ आहेत का माझे? कळत नाहीये." पाय सरळ होते. मी हो म्हटलं. मग त्यानं विचारलं, "बाबा?"

"ठीक आहेत. पुढे गेले."

"त्यांनी देखा क्या?"

"नाही रे."

"मग त्यांना सांगू नका. मी घाई केली, ब्रेक जोरात मारला. बस्स. काका, कसम आहे तुम्हाला."

तोवर लाल झेंडे लागले होते आणि बाकीचे हळूहळू आत येत होते. शंकरराव हेल्मेट काढून इकडेतिकडे बघत होते. मला बघून म्हणाले, "मास्तर, नितीन कुठाय? मी त्याला साईड दिली, पण तो आलाच नाही."

ते वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

नितीन वाचला. कमरेखालचं शरीर मात्र परत आलं नाही. आधी इथं, मग दिल्लीला, बरेच दिवस दवाखाने झाले, आणि शेवटी व्हीलचेअर घेऊन तो हजीऱ्यातल्या घरी आला. काम घरूनच करू लागला, कॉम्प्युटरवर. शंकरराव त्याला उचलायचे, अंघोळ घालायचे, कूस बदलायचे. स्वयंपाक शिकले. त्यांच्या हातची वरणफळं मी खाल्ली आहेत, मीठ नेहमी जास्त.

मी दर आठवड्याला जायचो. कोणी भेटायला आलं की शंकरराव तीच कथा सांगायचे. "अहो, मी पूर्ण साईड दिली होती. हात दाखवला. पण या पोराला दम कुठे! किती वेळा सांगितलं, घाई करू नकोस. बापाचं ऐकलं असतं तर आज आपल्या पायांवर असता." आवाज चढायचा, हातातलं भांडं ओट्यावर आपटायचं. बापाचं दुःख रागाच्याच वाटेनं बाहेर पडतं, काय करणार. आणि नितीन खुर्चीत बसून म्हणायचा, "हो बाबा. माझीच घाई झाली."

आमच्या धंद्यातला कोणीही ते ऐकताना समजून चुकायचा. ट्रॅकवरची पोरं भेटायला यायची, 'साईड दिली' हे शब्द ऐकले की एकमेकांकडे बघायची आणि खाली मान घालायची. शंकरराव स्वतःच्याच तोंडानं सगळ्या गावाला कारण सांगत होते आणि त्यांनाच ते ठाऊक नव्हतं. परमेश्वरा, अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नवीनच काढलं. "मास्तर, तुमच्या त्या पाठशालेत मला दोन शब्द बोलायचेत. नव्या पोरांना सांगतो, मागून कोणी आला तर अकड दाखवू नका, साईड द्या. माझ्या पोराचं झालं ते झालं. दुसऱ्याचं पोर तरी वाचेल."

मी नितीनकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. शंकरराव चहा ठेवायला आत गेले तेव्हा तो म्हणाला, "काका, काही भी करके टाळा." मी टाळलं. आज गर्दी आहे, आज मालक नाहीत, पुढच्या वेळी बघू. माझी कारणं संपत आली आणि शंकररावांना ती नुसती कारणं आहेत हे कळायला लागलं. "तुम्हाला धंद्याची काळजी आहे," ते एकदा फटकन म्हणाले. "अपघाताची गोष्ट ऐकून गिऱ्हाईक पळेल म्हणून."

मग एका रविवारी ते न सांगताच आले. बसनं फाट्यापर्यंत, तिथून चालत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. पाठशाला चालू होती. मला काही बोलायची संधी न देता सरळ पुढे येऊन उभे राहिले आणि हात जोडले. "बेटा, मैं नितीन का पिता हूँ. मेरा लड़का यहीं गिरा था." जुनी पोरं तर उठूनच उभी राहिली. "मैंने ज़िंदगी भर बस चलाई है. एक ही बात कहने आया हूँ. पीछे से कोई आए तो घमंड मत करना. बाएँ दबो, हाथ दिखाओ, निकल जाने दो. साइड देने से कोई छोटा नहीं होता."

नवी पोरं माना डोलावत होती. एकीनं तर डोळे पुसले. दुःखी बाप सांगतोय म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? आणि पाच-दहा मिनिटांत हीच सगळी ट्रॅकवर जाणार होती.

मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. नितीनची शपथ होती. आणि समोर तीस-पस्तीस आयांची पोरं होती. मी शंकररावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत, जमेल तितक्या हळू आवाजात म्हटलं की अंकलजींनी रस्त्याचं सांगितलं, ते रस्त्यावर लाख मोलाचं आहे. पण इथं नाही. इथं साईड द्यायची नाही. मग नेहमीसारखं का ते समजावलं. नितीनचं नाव घेतलं नाही.

शंकरराव माझ्याकडे बघत होते. आधी त्यांना अपमान वाटला असावा. मग कपाळावर आठी पडली, घाटात समोरून गाडी आली की ड्रायव्हरच्या पडते तशी. मराठीत विचारलं, "मास्तर, मागचा डावीकडून येत असला, आणि पुढचा डावीकडेच दबला, तर मागच्यानं काय करायचं?"

"ब्रेक मारावा लागतो," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. मग मागे जाऊन एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक रिकामा झाला, तेव्हा ते म्हणाले, "मला ती जागा दाखवा." आम्ही पट्ट्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. ते डांबरावर उभे राहिले. "मी इथं होतो?"

"हो."

"आणि तो?"

मी डावीकडे बोट दाखवलं. ते तिकडे जाऊन उभे राहिले, कडेपर्यंतचं अंतर बघितलं. "जागा तर होती."

खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाची उमर स्टिअरिंगवर गेली, त्याला रस्त्याबद्दल काय खोटं सांगणार? "होती," मी म्हटलं. "तुम्ही सरकेपर्यंत होती."

ते तिथंच कडेच्या गवतावर बसले. "नितीनला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी त्याला रोज..." दोन्ही हातांनी तोंड झाकून तो माणूस रडला. मी शेजारी बसलो, दुसरं काय करणार होतो. मार्शलला खूण केली की गाड्या सोडू नकोस. त्या दिवशी दुपारचं सत्र उशिरा सुरू झालं.

संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडायला निघालो. हजीऱ्याच्या चौकात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. तिथं म्हणाले, "मास्तर, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. त्यानं माझ्यासाठी एवढं सोसलं. ते फुकट गेलं असं त्याला वाटेल." मी वचन दिलं.

मी घरात शिरलो तर नितीन दाराकडेच डोळे लावून बसला होता. "बाबा, कुठे होतात? फोन भी नाही उचलला."

"ट्रॅकवर गेलो होतो. भाषण दिलं."

नितीननं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"काय सांगितलंत?"

शंकररावांनी बूट काढले, नीट जोडीनं ठेवले. मग नेहमीचंच वाक्य म्हणाले. "सांगितलं, मी पूर्ण साईड दिली होती. माझ्या पोरानं घाई केली."

"हो बाबा," नितीन म्हणाला. मला दिसत होतं, त्याचा जीव भांड्यात पडला.

मला तिथं उभं राहवेना. चहाला न थांबता निघालो. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेच. पाहुण्यांसमोर बाप मुलाला दोष देतोय, मुलगा हो म्हणतोय, आणि दोघांच्या मध्ये मी वरणफळं खातोय. घास घशाखाली उतरायचा नाही. मीठ जास्त होतं म्हणून नव्हे.

शंकरराव या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. शेजाऱ्यांनी आणि ट्रॅकवरच्या पोरांनी सगळं केलं. तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी मी नितीनकडे गेलो होतो. तो म्हणाला, "काका, एक काम तो मी नीट केलं. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

गप्प राहता आलं असतं. शंकररावांना मी तसं वचनच दिलं होतं. पण गेलेल्या बापाचा हा एवढा मोठेपणा त्याच्या मुलाला माहीतच नसावा, हे मला बघवेना. मी सांगून टाकलं. पाठशाला, तो प्रश्न, ती कडेची जागा, हजीऱ्याचा चौक, सगळं.

नितीननं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाला, "तरीच."

"काय तरीच?"

"आधी ओरडायचे तर भांडी वाजायची. त्या दिवसानंतर आवाजच नाही चढला कधी. मला वाटायचं, थकले बाबा." त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणि मी समोर बसून हो बाबा, हो बाबा करत होतो. उन को कितना लगा होगा, काका."

मग तो रडला. लहान मूल रडतं तसा, आवाज करून. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. मंडळाच्या अंकासाठी हे लिहू का, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला लिहा, सगळं लिहा, नियम नीट समजावून लिहा, म्हणजे कोणी सरकणार नाही. मी उठलो, तेव्हा त्यानं माझा हात धरून ठेवला.

"पण काका, एक गोष्ट लिहा. रोडवर असतो ना, तर बाबांची साईड एकदम सही होती. मी उजवीकडून आरामात निकल गया असतो."